ट्रेलर मागे, क्लोंडाइक पुढे: युकॉनच्या सोन्याच्या मुलखात जाताना

आधी एक घोळ मिटवून टाकतो. डॉसन क्रीक आणि डॉसन सिटी ही दोन वेगळी गावं आहेत. दोन्हींची नावं जॉर्ज मर्सर डॉसन या एकाच भूगर्भशास्त्रज्ञावरून पडली आहेत, पण दोघांच्या मधे सुमारे १,९५० किलोमीटर रस्ता आहे. पहिलं गाव कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात, अलास्का हायवेच्या शून्य मैलावर. दुसरं युकॉनमध्ये, १८९६ च्या ऑगस्टमध्ये ज्या ओढ्यात सोनं सापडलं त्याच्या जवळ, क्लोंडाइक आणि युकॉन नद्यांच्या संगमावर. नकाशात नुसतं 'डॉसन' टाकून निघू नका.

एडमंटनहून डॉसन सिटी साधारण २,५५० किलोमीटर. मी ट्रेलर, म्हणजे पिकअपमागे जोडायचं चाकांवरचं छोटं घर, ओढत दोनदा गेलोय. पहिल्यांदा आम्ही दोघंच होतो. दुसऱ्यांदा सातारहून आलेले आई-बाबा बरोबर होते. बाबांनी ३२ वर्षं एसटी चालवली, त्यामुळे दुसऱ्या खेपेला खरं म्हणजे मीच क्लीनर होतो. खाली लिहिलेल्यातलं निम्मं त्यांचं आहे.

पहिलं काम: वजनकाटा

१८९७-९८ च्या हिवाळ्यात स्कॅगवे आणि डाया या बंदरांवरून हजारो लोक या सोन्यासाठी खिंडी चढत होते. माथ्यावर कॅनडाचे पोलीस बसलेले असत आणि वर्षभर पुरेल इतका शिधा-सामान, म्हणजे साधारण ९०० किलो, दाखवल्याशिवाय कोणाला पुढे सोडत नसत. चिलकूट खिंडीत बर्फात खोदलेल्या दीडेक हजार पायऱ्यांवरून ते सगळं पाठीवर न्यायचं. त्यासाठी तीस-तीस, चाळीस-चाळीस खेपा. आपला प्रश्न नेमका उलटा आहे. आपल्याला सामान कमी करून जायचंय, आणि खिंडीत काटा घेऊन कोणी बसलेलं नाही. तेव्हा तो काटा आपणच शोधायचा.

गाडी विकणारा तुम्हाला ओढण्याची क्षमता सांगतो: चार हजार किलो, साडेचार हजार किलो. तो आकडा ऐकून खूश होऊ नका. ड्रायव्हरचा दरवाजा उघडा, चौकटीवर पिवळं-पांढरं स्टिकर असतं. माणसं आणि सामान मिळून गाडीत कमाल किती किलो, ते त्यावर छापलेलं असतं. माझ्या पिकअपवर ६८० आहे. आता हिशेब मांडू.

ट्रेलर भरल्यावर २,९०० किलो. त्याच्या वजनाचा १० ते १५ टक्के भार हिचवर (ट्रेलर जोडतो त्या सांध्यावर), म्हणजे पिकअपच्या पाठीवर यायला हवा. मी १२ टक्के धरतो: ३४८ किलो. वजन विभागणारा हिच स्वतःच ४० किलोचा. आम्ही चौघं मिळून २७०. बेरीज ६५८. उरले २२ किलो. त्यात जनरेटर, हत्यारांची पेटी आणि दुसरी स्टेपनी बसवायची आहे. ओढायची ताकद अजून दीड हजार किलो शिल्लक आहे, पण पाठ मात्र भरली.

हिचवरचा भार कमी करायला म्हणून सामान ट्रेलरच्या शेपटाकडे सरकवाल तर आणखी मोठं संकट ओढवून घ्याल. शेपूट जड झालेला ट्रेलर वेगात डोलायला लागतो आणि मग पिकअपलाच हलवतो. जड वस्तू आसांच्या किंचित पुढे, जमिनीलगत ठेवायच्या. वरच्या कपाटांत पापड, पोहे, कपडे.

ट्रक स्टॉपवरच्या काट्यावर दोन वजनं करा: एकदा पिकअप सगळ्या माणसांसकट पण ट्रेलरशिवाय, एकदा ट्रेलर जोडून, हिचच्या वजन विभागणाऱ्या दांड्या न ताणता. दोन्ही वेळच्या पिकअपच्या आसांवरच्या वजनातला फरक म्हणजे हिचवरचा भार. अर्ध्या तासाचं काम आहे. आमचा आकडा ४१० निघाला. आईने ट्रेलरच्या पुढच्या डिकीत काय काय भरलंय ते तेव्हा कळलं: वीस किलो तांदूळ, लोखंडी तवा, दोन कुकर आणि खलबत्ता.

"खलबत्ता कशाला गं?"

"मग आलं-लसूण काय दाताने कुटू?"

खलबत्ता घरी राहिला. तांदूळ दहा किलोवर आला, बाकीचा व्हाइटहॉर्सला घेतला. तिथे मोठी किराणा दुकानं आहेत आणि बासमती मिळतो. जनरेटर ट्रेलरच्या आसावर हलवला. पाण्याची टाकी भरून निघायची गरज नाही. १५० लिटर पाणी म्हणजे १५० किलो. एक तृतीयांश भरा, पुढे गावागावांत मिळतं.

चाकं

या रस्त्यावर लोक अडकतात ते बहुतेक टायरमुळे. टायरच्या भिंतीवर चार आकडी शिक्का असतो: २३२१ म्हणजे २०२१ सालचा २३ वा आठवडा. ट्रेलरचा टायर पाच-सहा वर्षांचा झाला की नक्षी कितीही छान दिसो, बदला. ट्रेलर वर्षातले दहा महिने उभाच असतो, त्यामुळे टायर झिजण्याआधी वाळतो. हवा सकाळी टायर थंड असताना, भिंतीवर छापलेल्या कमाल आकड्याइतकी. ट्रेलरच्या पुष्कळ टायरांची वेगमर्यादा ताशी १०५ किलोमीटरच्या आसपास असते, म्हणून मी ९० च्या वर जात नाही. पेट्रोलही वाचतं.

स्टेपन्या दोन घ्या. पिकअपचा जॅक ट्रेलरला पुरत नाही बऱ्याचदा. अंगणात एकदा चाक काढून, लावून बघा. पाना लांब दांड्याचा हवा आणि नट नेमके किती घट्ट ते मोजणारा टॉर्क पानाही हवा.

त्याची गोष्ट सांगतो. निघण्याआधी आठवडाभर मी चारही टायर नवे बसवून घेतले. बसवणाऱ्याने हसत सांगितलं, काळजी नको. पहिल्या दिवशी व्हाइटकोर्टला, १८० किलोमीटरवर, चहाला थांबलो. बाबा उतरले आणि सवयीने प्रत्येक चाकाशी वाकले. मागच्या डाव्या चाकाचे दोन नट पान्याच्या हलक्या जोराने फिरले. ते काही बोलले नाहीत, फक्त पाना माझ्या हातात दिला. चाक काढून लावलं की ८० ते १६० किलोमीटरवर नट पुन्हा आवळायचे, हा नियम मॅन्युअलमध्ये छापलेला आहे. मी तो वाचलाही होता.

थांबाल तिथे चाकाच्या मधल्या भागाचं तापमान बघा. लांबून मोजणारा छोटा थर्मामीटर स्वस्तात मिळतो. चारही सारखी कोमट असतील तर ठीक. एकच जास्त तापलेलं असेल तर ब्रेक घासतोय किंवा बेअरिंग कोरडं पडलंय. पुढे जाऊ नका. बेअरिंगला ग्रीस घरूनच भरून निघा.

जोडणी

रोज सकाळी एकाच क्रमाने, आणि एकाच माणसाने. कपलर, म्हणजे ट्रेलरच्या पुढच्या टोकाची पकड, पिकअपच्या बॉलवर नीट बसून कुलूप लागलं का. नंतर जॅकने ट्रेलरची जीभ, म्हणजे पुढचा दांडा, जरा वर उचलून बघायची, पिकअपची मागची बाजू बरोबर उचलली गेली म्हणजे पकड बसली. साखळ्या खालून एकमेकींना छेदून. ट्रेलर सुटलाच तर ब्रेक लावणारी आपत्कालीन वायर साखळीला नाही, पिकअपला. सात पिनांची वायर, दिवे. शेवटी चाकांखालच्या उटी (ट्रेलर घरंगळू नये म्हणून लावलेले ठोकळे) काढायच्या, आणि ट्रेलर सोडताना त्या सगळ्यांत आधी लावायच्या. मधेच कोणी हाक मारली तर पहिल्यापासून सुरू करा. बाबा या वेळात आईलाही बोलू देत नसत.

निघाल्यावर ४० च्या वेगात ब्रेक कंट्रोलरची, म्हणजे फक्त ट्रेलरचे ब्रेक लावणारी, कळ हाताने दाबून बघा. ट्रेलरने मागून हलकेच धरल्यासारखं वाटलं पाहिजे. काहीच जाणवलं नाही तर वाढवा, चाकं अडकली तर कमी करा. ट्रेलर डोलायला लागलाच तर पायाचा ब्रेक दाबायचा नाही आणि स्टिअरिंगने झुंजायचं नाही. पाय पेडलवरून सोडायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं आणि तीच हातातली कळ दाबायची. ट्रेलर मागून ताणला जातो आणि सरळ येतो. ही कळ कुठे आहे ते अंधारातही हाताला सापडलं पाहिजे.

रस्ता, टप्प्याटप्प्याने

अलास्का हायवे १९४२ साली अमेरिकी सैन्याने युद्धाच्या घाईत आठेक महिन्यांत खोदून काढला. आज तो जवळजवळ सगळा डांबरी आहे, पण त्या घाईच्या खुणा अजून जाणवतात. दिवसाला ३५० ते ४५० किलोमीटर धरा. 'अजून उजेड आहे, जाऊ थोडं पुढे' हा इथला सापळा आहे, कारण जूनमध्ये उजेड संपतच नाही.

डॉसन क्रीक सोडल्यावर तासाभरात टेलर गावाचा उतार लागतो, खाली पीस नदी. पुलाचा तळ लोखंडी जाळीचा आहे. त्यावर ट्रेलर जरासा इकडेतिकडे सरकतो. घाबरून स्टिअरिंग हलवू नका, वेग कमी ठेवून सरळ जा. पहिल्या खेपेला या उतारावर मी ब्रेक दाबून धरत उतरलो होतो आणि खाली पोचेपर्यंत जळका वास गाडीत आला होता. दुसऱ्या खेपेला बाबा शेजारी होते.

"ज्या गिअरमध्ये चढला असतास, त्याच गिअरमध्ये उतर. खंबाटकीला काय करतोस?"

ऑटोमॅटिक गाडीत तेच करायचं तर ओढण्याचा मोड चालू करा आणि उतार सुरू होण्याआधी, माथ्यावरच, गिअर हाताने खाली आणा. इंजिन ओरडेल, ओरडू दे. वेग वाढला तर ब्रेक ठामपणे दाबून दहा-पंधराने उतरवा आणि पूर्ण सोडा, म्हणजे ब्रेक निवतात. सतत हलका पाय ठेवला की ते तापून निकामी होतात.

डॉसन क्रीक ते फोर्ट नेल्सन सुमारे ४५५ किलोमीटर. हा भाग तेल-वायू कंपन्यांच्या ट्रकांचा, बघायला फारसा नाही. फोर्ट नेल्सनला सगळं भरून घ्या, कारण पुढचे पाचशेवर किलोमीटर, वॉटसन लेकपर्यंत, हे अख्ख्या हायवेचं सर्वांत देखणं आणि सर्वांत एकाकी अंग आहे. मोबाइलला रेंज जवळजवळ नाही. नकाशे आधीच उतरवून ठेवा. उपग्रहावरून संदेश पाठवणारं छोटं यंत्र असेल तर उत्तम. समिट लेक हा हायवेचा सर्वोच्च बिंदू, १,२९५ मीटर. त्यापुढे खडकाळ वळणं, रस्त्यावर मीठ चाटणाऱ्या रानमेंढ्या, मग मंचो लेकचं हिरवं-निळं पाणी. लिअर्डच्या गरम पाण्याच्या झऱ्यांशी मुक्काम करायचाच, पण तिथली जागा आधी राखून ठेवा किंवा दुपारी दोनच्या आत पोचा. झऱ्यानंतर रस्त्याकडेला रानगव्यांसारखे बायसन कळपाने उभे असतात. त्यांना रस्ता सोडायची घाई नसते, आणि भरलेला ट्रेलर पटकन थांबत नाही.

पेट्रोलचा नियम साधा: टाकी अर्धी झाली की भरा, भाव बघू नका. ट्रेलर ओढताना माझी गाडी १०० किलोमीटरला २२ लिटर पिते, म्हणजे ९० लिटरच्या टाकीत जेमतेम चारशे. नकाशावर पंप दिसतो, प्रत्यक्षात दारावर 'बंद' पाटी असते. भरताना ट्रेलरच्या फ्रिजचा गॅस बंद ठेवा.

वॉटसन लेकला पाट्यांचं जंगल आहे: १९४२ साली घरची आठवण आलेल्या एका अमेरिकी सैनिकाने आपल्या गावाची पाटी ठोकली, तेव्हापासून लोक ठोकत आलेत. तिथून व्हाइटहॉर्स ४४० किलोमीटर. व्हाइटहॉर्सला दोन रात्री थांबा. सांडपाणी रिकामं करा, कपडे धुवा, नट पुन्हा तपासा.

मग उत्तरेचा क्लोंडाइक हायवे, डॉसन सिटीपर्यंत साधारण ५३० किलोमीटर. कारमॅक्सच्या पुढे फाइव्ह फिंगर रॅपिड्स दिसतात. नदीत उभे चार कातळ, त्यांनी प्रवाहाच्या पाच वाटा केल्यात. खिंड ओलांडून, होड्या बांधून आलेले लोक इथून जात. या रस्त्यावर डांबर आणि खडीचे पट्टे आलटून-पालटून येतात, कारण खालची गोठलेली जमीन वितळली की रस्ता उचलला जातो किंवा खचतो. पिकअप त्या लाटेवरून सहज जातो, मागून ट्रेलर आपटतो आणि आतली भांडी बाहेर येतात. कडेला छोटं लाल निशाण दिसलं की वेग निम्मा. खडीवर ६०, समोरून ट्रक येत असेल तर त्याहून कमी. काचेवर खडा बसणारच. फार तर एकच बसावा इतकी काळजी घ्या.

धुळीसाठी एक युक्ती: ट्रेलरच्या सगळ्या खिडक्या बंद, आणि छतावरचं एकच झाकण पुढच्या बाजूला थोडं उघडं होईल असं ठेवायचं. आत हवेचा हलका दाब राहतो आणि फटींतून धूळ कमी शिरते. आमच्या पोह्यांत तरीही शिरली.

मुक्काम

युकॉन सरकारच्या कॅम्पग्राउंडांत वीज-पाण्याची जोडणी नसते, पण जळाऊ लाकूड शुल्कातच मिळतं. दूरवरून लाकूड नेऊ नका, त्यातून कीड पसरते. पाणी हातपंपाचं, उकळून प्यायचं. छतावर सौर पॅनेल असेल तर उन्हाळ्यात जनरेटर लागत नाही. झोपेसाठी खिडक्यांना फॉइल लावा. जूनमध्ये रात्री बाराला बाहेर वर्तमानपत्र वाचता येतं.

अस्वलांचं मनावर घ्या. आपल्या स्वयंपाकाला वास असतो. बाहेर तळण नको, फोडणी आत. खरकटं, तेलकट कागद, टूथपेस्ट, कुत्र्याचं खाणं सगळं आत किंवा गाडीत कुलपात. अस्वलासाठीचा तिखट फवारा कमरेला. पिशवीच्या तळाशी ठेवलेला काही उपयोगाचा नाही. जुलै-ऑगस्टमध्ये जंगलात वणवे पेटतात आणि रस्ते अचानक बंद होतात. रोज सकाळी ब्रिटिश कोलंबियाची आणि युकॉनची अधिकृत रस्ते-माहितीची पानं बघा, आणि सुट्टीत दोन-तीन दिवस मोकळे ठेवा.

ट्रेलर कुठे सोडायचा

याचा विचार घरीच करा. डॉसन सिटीत मुक्काम ठोकला की ट्रेलरला तिथेच उटी लावा आणि नुसत्या पिकअपने फिरा. बोनान्झा क्रीकचा रस्ता, सोनं उपसणारं प्रचंड तरंगतं यंत्र 'ड्रेज नंबर ४', मूळ शोधाची जागा, सगळं जवळ आहे. गावात शिरताना दोन्ही बाजूंना गोट्यांचे लांबच लांब वळवळणारे ढीग दिसतात. ते या ड्रेजांनी ओकलेले. १८९८ मध्ये या गावात तीसेक हजार माणसं होती. हा मुलूख मूळचा ट्रॉन्डेक ह्वेचिन लोकांचा; 'क्लोंडाइक' हे त्यांच्याच शब्दाचं गोऱ्यांच्या जिभेवर झालेलं रूप. २०२३ मध्ये युनेस्कोने या परिसराला जागतिक वारसा ठरवलं.

सोनं शोधायचं तर कुठल्याही ओढ्यात बसू नका. बहुतेक ओढ्यांवर आजही लोकांचे खाणहक्क आहेत आणि ते लोक काम करत असतात. 'सहा अबव्ह', म्हणजे मूळ शोधाच्या जागेपासून ओढ्याने वर सहावा हक्क, या जागेवर पाहुण्यांना फुकट परवानगी आहे. मी पहिल्या खेपेला तासभर तसराळं हलवून कोरडाच परतलो होतो. दुसऱ्या खेपेला आईने दोन मिनिटं माझ्याकडे पाहिलं.

"अरे, हे तर तांदूळ रोळणं झालं. दे इकडे."

आणि तिने रोळलं. मनगटाचा तोच हलका झोका: जड ते तळाशी, हलकं पाण्याबरोबर बाहेर. शेवटी काळ्या वाळूत दोन पिवळे कण राहिले, मोहरीच्या चतकोराएवढे. चिकटपट्टीवर घेऊन तिने ते आपल्या वहीत लावले.

आणखी तीन ठिकाणी ट्रेलर नेण्याचा मोह होतो. डेम्पस्टर हायवे: धारदार पाटीच्या दगडाचा, टायर फाडणारा. टूम्बस्टोन उद्यान बघायला डॉसनहून एक दिवस पिकअप पुरतो. टॉप ऑफ द वर्ल्ड हायवे: आधी युकॉन नदी फुकटच्या फेरीबोटीने ओलांडायची. फेरी छोटी, मोठ्या गाड्यांची रांग लांब. पुढे सीमेपर्यंत १०५ किलोमीटर. सीमाचौकी फक्त उन्हाळ्यात आणि दिवसाच उघडी असते, आणि अलास्काचं घड्याळ युकॉनच्या एक तास मागे चालतं. पाऊस पडून गेला असेल तर ट्रेलर घेऊन जाऊ नका. तिसरं स्कॅगवे: व्हाइट पासच्या माथ्यावरून तेवीसेक किलोमीटरांत हजार मीटर खाली, थेट समुद्रावर. ट्रेलर व्हाइटहॉर्सला किंवा कारक्रॉसला ठेवा.

शेवटच्या दोन्हींत अमेरिकेची हद्द लागते. भारतीय पासपोर्ट असेल तर कॅनडाचं पीआर (कायम राहण्याचा परवाना) असूनही अमेरिकेचा व्हिसा लागतो. आई-बाबांकडे तो नव्हता, म्हणून आम्ही कारक्रॉसहून मागे फिरलो. व्हिसा असला तरी लिंबं-संत्री आणि ताजा कढीपत्ता आधी संपवा. कढीपत्ता लिंबाच्याच कुळातला, अमेरिकी तपासणीत तो काढून घेतात.

परत आल्यावर ट्रेलर तसाच उभा करू नका. धूळ बसावी म्हणून तिकडच्या रस्त्यांवर कॅल्शियम क्लोराइड टाकतात. तो चिखल वाळला की दगडासारखा होतो आणि पत्रा, वायरिंग खातो. व्हाइटहॉर्सलाच खालून, चाकांच्या आतून, भरपूर पाण्याने धुवा. घरी आल्यावर पुन्हा एकदा, आणि धुताना कपलरच्या आत बोट घालून बघा. आमच्यात अजून मूठभर खडी होती.